भागवतनानांचा खर्चकर

भागवतनाना गेले त्याला आता वर्ष होईल. परवा त्यांच्या धाकट्या मुलाचा, किरणचा, फोन आला. वर्षश्राद्धाला तो एक स्मरणिका काढतो आहे, गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटो घालून. "सर, तुम्ही इतकी वर्षं शेजारी होतात. दोन पानं लिहून द्या. नानांचे विचार आले पाहिजेत त्यात." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "चांगलंच लिहा हं."

मी लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर लक्षात आलं की हे किरण छापणार नाही. तरी थांबलो नाही. नानांचे विचार आले पाहिजेत म्हणाला ना? मग येऊ देत.

मी राहात्याला हायस्कूलवर गणित शिकवत होतो. आमच्या परसाची बुटकी भिंत आणि नानांच्या पेरूच्या बागेचं कुंपण एकच. नाना उंच, ताठ. कपडे पांढरे, कडक इस्त्रीचे. इस्त्री अर्थातच थोरल्या सुनेच्या हातची. बोलताना समोरच्याचं मनगट धरून ठेवायची त्यांना खोड होती. माणूस निसटू नये म्हणून धरत असावेत, कारण त्यांचं बोलणं ऐकून कुणालाही निसटावंसंच वाटे. बाजारतळावरच्या चहाच्या टपरीवर ते रोज सकाळी तासभर बसत. तिथं त्यांना खिशात हात घालताना मी कधी पाहिलं नाही. एकदा टपरीवाल्यानंच विचारलं, "नाना, आज तुमच्याकडून?" नाना गंभीरपणे म्हणाले, "पाजला आसता रं. पन उगं खर्चाला उत्तेजन कशापायी द्यायचं?"

हे उत्तेजनाचं प्रकरण कुठून आलं ते सांगितलं पाहिजे. एका पतसंस्थेच्या कार्यक्रमाला बाहेरून कुणी पाहुणे आले होते. त्यांनी भाषणात मांडलं की देशातला उत्पन्नावरचा कर उठवावा आणि फक्त खर्चावर कर घ्यावा. पाहुण्यांनी त्याला काय काय अटी घातल्या असतील, कुणाला सूट सांगितली असेल, ते नानांच्या कानापर्यंत पोचलं नाही. नाना पहिल्या रांगेत होते आणि पहिल्या रांगेत बसलेला माणूस ऐकण्यापेक्षा दिसण्याच्या कामात जास्त असतो. पण तेवढं एक वाक्य ते घरी घेऊन आले आणि मरेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

"मला सांगा सर, मानसानं कमावलं तर त्याला शाबासकी द्यायची का दंड करायचा? हे सरकार दंड करतंय. कमवू द्या की त्याला! साठवू द्या! जो उडवतो, त्याच्याकडून घ्या. हाटेलात जेवला, दे. मोटार घेतली, दे. घरात गुमान बसला, त्याला हात लावू नका."

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला हे गोड लागलं. मी पगारदार. आमच्या शाळेत फेब्रुवारी महिना सुतकासारखा जायचा. वर्षभराच्या कराची राहिलेली कपात त्याच पगारातून व्हायची आणि हातात काय पडलं ते कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्यांचा धंदा रोखीचा, ते आमच्या चौपट कमावून आमच्याकडे बघून हसायचे. त्यामुळे कमाई लपवता येते पण खर्च लपवता येत नाही, हे नानांचं म्हणणं मला पटलं होतं. एका फेब्रुवारीत मी त्यांना सहज विचारलं, "नाना, तुम्हाला वर्षाला किती बसतो?"

"काय?"

"इन्कम टॅक्स."

नानांनी माझं मनगट सोडलं. एवढ्या वर्षांत त्यांनी आपणहून सोडल्याचं हे एकच उदाहरण. म्हणाले, "आमाला कुठला, सर? आमी शेतकरी."

शेतीच्या उत्पन्नाला कर नाही हे मला माहीत होतं. शेतीचं काय खरं असतं, ती सवलत असावी. पण रस्त्याकडेला नानांचे दोन गाळे होते, त्यांचं भाडं दरमहा यायचं, आणि तेही कागदावर पेरूच्याच झाडाला लागायचं. म्हणजे जो कर या माणसानं जन्मात भरला नाही, तो उठवावा म्हणून तो रोज सकाळी टपरीवर घसा कोरडा करत होता आणि तो ओला करायचे पैसे आम्ही, कर भरणारे, देत होतो.

कल्पना वाईट आहे असं मी म्हणत नाही. शहाणी माणसं तिच्या बाजूनं भांडतात, तितकीच शहाणी विरुद्ध भांडतात. त्यांचं त्यांना लखलाभ. माझं भांडण नानांशी आहे.

विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा नाना मला नगरला बरोबर घेऊन गेले. का, तर गणिताचा मास्तर जवळ असला की दुकानदार दबून असतो. दुकानात मोटार पसंत पडली, दुकानदारानं किंमत सांगितली. नाना काउंटरवर वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आन् बिगर बिलाची?" दुकानदारानं चिठोऱ्यावर दुसरा आकडा लिहिला. नानांनी तो वाचला, चिठोरं चुरगळून खिशात घातलं आणि मोटार टेम्पोत चढवायला सांगितली.

परतीच्या वाटेवर मला राहवेना. म्हटलं, "नाना, कर खर्चावर पाहिजे असं तुम्हीच म्हणता ना? मग आज खर्च केलात, कर द्यायला मिळत होता, तर चुकवलात का?"

"आधी कमाईवरचा उठवू द्या की त्यांना. तवर दोन-दोन कर मानसानं का भरायचे?"

"पण तुम्ही तर एकही भरत नाही."

नाना खिडकीबाहेर बघत हसले. "तुमी लई बारीक बघता, सर. धोरन मोठं आसतं."

महिन्याभरात ती मोटार पुन्हा जळाली. बिल नाही म्हणून दुकानदारानं हात वर केले. त्यानंतर आठवडाभर नाना टपरीवर देशातली नीतिमत्ता कशी बुडाली हे सांगत होते, आणि चहा नेहमीप्रमाणे आमच्या नावावर होता.

इथवर असतं तर नाना एक हसून सोडून द्यायचे गृहस्थ झाले असते. असे गावोगाव असतात. पण सरकार आपलं ऐकत नाही म्हणून नानांनी कायदा घरात लागू केला, आणि तिथून माझं हसणं बंद झालं.

नानांच्या घरात माणसं थोडी. बायको कधीच वारलेली. थोरला दत्तू बाग करायचा, पण जमीन नानांच्या नावावर, त्यामुळे पेरूचा पैसा नानांच्या खात्यावर. दत्तूला कष्ट आणि जेवण. दत्तूची बायको सुनंदा, तिच्या माहेरून आलेल्या दोन गाई सांभाळायची आणि डेअरीला दूध घालायची. त्यांना एकच मुलगी, ऋतुजा. आणि धाकटा किरण, बिनलग्नाचा, शिर्डीला दोन लॉज चालवायला घेतलेला, घरात सगळ्यांत जास्त कमावणारा. त्या घराची जुनी रीत साधी होती. ज्याची कमाई जास्त त्यानं घरखर्चाला जास्त घालायचं, कमी त्यानं कमी. किरण देताना कुरकुरायचा, पण द्यायचा. घर चाललं होतं.

एके दिवशी नानांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. कुंपणावरून मलाही हाक मारली, साक्षीदार म्हणून. म्हणाले, "आजपासून कमाईतलं कोनी काय द्यायचं न्हाई. ज्याचं त्याला लखलाभ. मात्र घरात जो जेवढी वस्तू इकत आनंल, त्यानं रुपयामागं चार आने घराला द्यायचे. कमवा, साठवा, मोठे व्हा."

किरणनं टाळी वाजवली. बापाचा लाडका कोण ते सगळ्या आळीला ठाऊक होतं, तेव्हा कायदा कुणासाठी केलाय हे मी तिथंच ओळखलं. सुनंदाला मात्र तेव्हा आनंद झाला होता. संध्याकाळी माझ्या बायकोला म्हणाली, "बरं झालं काकू. दुधाच्या पैशाला आता कोनी हात लावनार न्हाई. ऋतुजाच्या फीचं साठंल." ऋतुजा माझी विद्यार्थिनी. गणितात चलाख आणि डोक्यात एकच, राहुरीला जाऊन शेतीची पदवी घ्यायची. आजोबांची बाग आजोबांपेक्षा चांगली करून दाखवीन म्हणायची. मायलेकींची सगळी मदार त्या साठवणीवर होती.

मग कायदा चालू झाला. किरण सकाळी शिर्डीला जायचा, जेवण तिकडंच, कपडेलत्ते तिकडंच. घरात वस्तू आणली नाही, कर नाही. उरली चूल, आणि चूल सुनंदाची. गॅस सुनंदानं आणायचा, तेल, डाळ, साबण, नानांच्या इस्त्रीची खळसुद्धा तिनंच. दुधाच्या पैशातून आणायचं आणि वर रुपयामागं चार आणे नानांच्या हातावर ठेवायचे. ते नाना त्याच चुलीवरचं दोन वेळा जेवायचे. त्यांना कर नव्हता, कारण ते काही विकत आणत नव्हते.

मी म्हटलं, "नाना, हे उलटं झालं. जिची कमाई सगळी पोटातच जाते ती कर भरतेय, आणि ज्याची उरते तो सुटला."

"त्यानं साठवलं म्हनून सुटला. हिनं बी साठवावं."

"मग तुम्ही जेवणार काय?"

अडचणीचा प्रश्न आला की नाना पेरूकडे बघत.

हळूहळू कायद्याला पोटकलमं फुटली. नानांची तंबाखू औषधात धरली. बागेची फवारणी गुंतवणुकीत. दत्तूनं गाईंना सरकीची पेंड आणली तेव्हा मात्र तो खर्च. दत्तू सहसा तोंड उघडायचा नाही, त्या दिवशी म्हणाला, "नाना, पेंड काय आमी खातोय का?" नाना म्हणाले, "जनावर खातंय न्हवं? खाल्लं की खर्च." आणि किरण नवी मोटार घेऊन दारात आला, छत उघडणारी, तेव्हा सुनंदा दारात येऊन उभी राहिली. नानांनी मोटारीला नारळ फोडला आणि जाहीर केलं की ही धंद्याला लागते, म्हणून ही गुंतवणूक. नारळ सुनंदानं आणलेला होता. त्याचे चार आण्यांच्या हिशेबानं झाले ते तिनं दिले.

गोळा झालेल्या पैशातून घराचा विकास व्हायचा होता. झाला. नानांनी दारापुढे कमान बांधली आणि तिच्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. सुनंदाच्या तेलामिठातून ते नाव उभं राहिलं. मला रोज त्या कमानीसमोरून शाळेत जावं लागे आणि रोज सकाळी सकाळी माझं डोकं फिरे.

एवढं होऊनही सुनंदानं साठवलं. कसं, ते तिलाच ठाऊक. तिच्या अंगावर मी दोन वर्षांत नवं लुगडं पाहिलं नाही. ऋतुजा बारावीला चांगली पास झाली, राहुरीच्या यादीत तिचं नाव लागलं. फी भरायला दोन दिवस होते. सुनंदाजवळ वर्षाची फी आणि राहण्याचे, बरोबर तेवढेच पैसे जमले होते. आणि नानांनी दत्तूला बोलावून सांगितलं की फी हा खर्च आहे, त्यावर रुपयामागं चार आणे घरात आधी आले पाहिजेत.

सुनंदा आमच्या दारात आली ती रडत नव्हती. संतापली होती. "सर, तुमी चला. तुमीच सांगा त्यांना, शिकनं म्हंजे खर्च हाय का?"

मी गेलो. जे जे सुचलं ते सगळं बोललो. म्हटलं, "नाना, किरणची मोटार गुंतवणूक, मग नातीची पदवी गुंतवणूक का नाही? मोटार दर वर्षी जुनी होणार, पोरगी दर वर्षी शहाणी होणार."

नाना शांतपणे म्हणाले, "मोटार इकली तर पैसे घरात येतील. पोरगी शिकली तर पैसे कुठं जातील? तिच्या सासरी. मग आमच्या हिशेबी तो खर्चच की, सर."

ऋतुजा तिथंच उंबऱ्याशी उभी होती. हे तिनं ऐकलं. ज्या आजोबांची बाग ती सुधारणार होती, त्या आजोबांच्या तोंडून ऐकलं. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

"आणि नाही दिले तर?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"न्हाई कसं? कायदा सगळ्यांना सारखा. ज्याला मान्य न्हाई त्यानं वेगळं निघावं. जमीन माझ्या नावावर हाय." हे शेवटचं ते दत्तूकडे बघून म्हणाले. दत्तूनं मान खाली घातली. किरण मोबाईलवर काहीतरी बघत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझी पुतणी आहे." तो म्हणाला, "सर, घरचा नियम आहे, मी काय बोलणार?" हाच किरण आज नानांच्या विचारांची स्मरणिका काढतो आहे.

मी वरचे पैसे देऊ केले. सुनंदानं मान हलवली. म्हणाली, "सर, तुमचे पैसे त्यांच्या हातावर ठिवायचे? त्यापरीस मी माझं इकीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यापारी आला आणि तिची दुभती गाय सोडून घेऊन गेला. घाईचा सौदा, भाव पडून मिळाला. गाय दिसेनाशी होईस्तोवर ती कुंपणाशी उभी राहिली. मग घरात आली, ओट्यावर बसलेल्या नानांच्या पुढ्यात चार आण्यांच्या हिशेबाचे पैसे ठेवले. मी भिंतीपलीकडे होतो. मला वाटलं, आता तरी हा माणूस लाजेल. "ठेव गं" म्हणेल, निदान हात तरी मागे घेईल. नानांनी बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या. मोजून झाल्यावर मला बघितलं आणि चेहरा उजळला.

"बघितलंत सर, कसं सुटसुटीत हाय? गाय इकली, ती झाली कमाई. त्याच्यावर मी एक रुपाया मागितला न्हाई."

मी आयुष्यभर मुलांना शिव्या देऊ नयेत असं शिकवलं. त्या क्षणी मला एकूण एक शिवी आठवली. देता आली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

फी भरली गेली. राहण्याचे पैसे उरले होते, पण त्यावरही चार आणे होतेच. तेव्हा सुनंदानं वेगळाच निर्णय घेतला. राहुरीला एक खोली बघितली, आणि लेकीबरोबर आपणच जायचं ठरवलं. कॉलेजच्या पोरापोरींना जेवणाचे डबे करून देणार होती. माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, तिथं चूल माझी. तिथं मी कोनाला पुसनार न्हाई."

निघायच्या सकाळी टेम्पो आला. त्यात पेटी, गादी, दोन बादल्या, भांडी, आणि मागच्या भागात राहिलेली दुसरी गाय. गाईचं दावं धरून दत्तू उभा होता. तोही जात होता हे मला तेव्हाच कळलं. बापाकडे त्यानं बघितलंही नाही. नाना कमानीखाली उभे होते. ऋतुजा खाली वाकून त्यांच्या पाया पडली. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "लई शीक" म्हणाले, आणि तोच हात पुढे नेऊन टेम्पोतली गादी दाबून बघितली.

"ही कधी घेतली?"

"घेतली न्हाई," सुनंदा म्हणाली. "जुनीच उसवून भरली."

ती पुढे ड्रायव्हरजवळ लेकीला घेऊन बसली. टेम्पो निघाला, वळणावर गाय एकदा हंबरली आणि मग रस्ता मोकळा झाला. घरात नानांशिवाय कुणी उरलं नव्हतं. किरण तर आठ-आठ दिवस शिर्डीलाच असायचा. मी भिंतीशी उभा राहिलो. म्हटलं, कितीही झालं तरी म्हातारा माणूस आहे, घर एका सकाळीत रिकामं झालंय, दोन शब्द बोलावेत. नाना सावकाश चालत माझ्याजवळ आले. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"सर, आजपास्नं घरातला खर्च निम्म्याच्या खाली आला बघा."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. वाटलं, वरवरचं बोलतायत, आत कुठंतरी लागलं असेल. पण नाही. तो माणूस खरोखर खूश होता.